साहेबाची डेगची आणि सांडलेलं सरबत

थांबा मित्रांनो, जरा वर बघा. तिथे नाही, त्या फळीवर. लोक जर्मनची म्हणतात त्या हलक्या पांढऱ्या भांड्यांच्या मागे एक काळवंडलेली डेगची पालथी पडली आहे ना, तीच मी. काढा मला खाली. हं, हळू! आता सुलटी करा. हुश्श! किती दिवसांनी तोंड उघडायला मिळालं. मी जुनी आहे, तांब्याची आहे, आणि मला एका जागी बसवत नाही, ही माझी जन्माची खोड आहे. चुलीवर चढवलं की कधी एकदा उतरते असं होतं, आणि उतरवलं की पुन्हा आच हवीशी वाटते. मला ज्याने पालथं घालून ठेवलं त्याला भांड्यांतलं काडीचंही कळत नाही. पण ते असो. खाली काढलंच आहे, तर आता माझी गोष्ट ऐका आणि मधून उठू नका.

माझा जन्म कोल्हापुरातला. तांबटांच्या आळीत आकाराम नावाच्या कारागिराने मला घडवलं. तेव्हा महाराजांचं राज्य होतं. खासबागेतलं कुस्तीचं मैदान अजून व्हायचं होतं. आकारामने तांब्याच्या एका पत्र्याला इतकं ठोकलं, इतकं ठोकलं, की शेवटी त्या पत्र्याला पोट सुटलं. मग त्याने मला दोन कड्या लावल्या आणि आतून कलई केली. कलई म्हणजे काय, हे तुम्हाला सांगावं लागेल, कारण हल्ली कुणाला माहीत नसतं. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा थर देतात, ती कलई. ती झिजली आणि आत चिंचेसारखं काही आंबट ठेवलं, की ते कळकतं. हिरवट होतं, त्याला एक ओंगळ वास येतो, आणि ते पोटात गेलं की धट्टाकट्टा माणूससुद्धा ओकून ओकून आडवा होतो. एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मला विकत घेतलं लालासाबने. हा लालासाब रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. साहेबाला जेवण झाल्यावर गोड लागायचं, आणि त्याचं गोड म्हणजे काय, तर तांबड्या दारूत साखर आणि दालचिनी घालून शिजवलेले पेरू. ते माझ्यात शिजायचे. आता दारूचं नाव काढलं की मोठी माणसं डोळे वटारतात. पण मी पडले भांडं. माझ्यात जे ओतलं ते मला चाखावं लागलं, आणि चाखल्यावर मत होणारच. साहेब होता चिकट. महागातली बाटली पाहुण्यांना दाखवायला कपाटात, आणि पेरूंसाठी ती मुंबईहून पेटीतून येणारी स्वस्तातली. एकदा कुणी मोठा पाहुणा आला म्हणून महागातली माझ्यात पडली. मी अगदी लक्ष देऊन बसले. कसलं काय! साखर विरघळली, दालचिनी पडली, एक उकळी फुटली, की महाग आणि स्वस्त दोघी सख्ख्या बहिणी. तेव्हापासून बाटलीच्या चिठ्ठीवर माझा विश्वास नाही. बंगल्यावरच्या माळ्याने एकदा माझ्यात शिंदीही लपवून ठेवली होती. ती सकाळी गोड होती, दुपारी आंबट झाली आणि दिवेलागणीला भांडायलाच उठली. माझी कलई खाल्ली मेलीने.

लालासाबने मात्र जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही. तो सगळं नाकाने करायचा. झाकण उचलायचा, वाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, साखर लागली, आच जास्त झाली, दालचिनी जुनी आहे. त्याची एकुलती लेक खतिजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर यायची तेव्हा तिलाही तो हेच शिकवायचा. "आधी नाकानं चाख. जीभ मागनं," म्हणायचा. पोरीचं नाक बापापेक्षाही तिखट निघालं.

पुढे साहेबाची बदली झाली. जाताना त्याने मला लालासाबला देऊन टाकलं, आणि लालासाबने खतिजाच्या लग्नात मला तिच्याबरोबर सासरी धाडलं. बिचारा त्यानंतर फार दिवस जगला नाही. तेव्हा खतिजाकडे बापाचं म्हणून जे काही उरलं, ते म्हणजे तिचं ते नाक आणि मी.

सासर होतं गडमुडशिंगीला. नवरा शमशुद्दीन, धंद्याने कलईगार. भाता आणि कलईला लागणाऱ्या नवसागराची पुडी पोत्यात घालून हातकणंगल्याकडच्या गावागावांतून फिरायचा आणि लोकांची भांडी चकचकीत करून द्यायचा. माणूस हाताचा सोन्याचा, पण घरच्या भांड्यांकडे बघायला त्याला कधी सवड नाही. कलईगाराच्या घरात निम्मी भांडी बिनकलईची! मला तर हसावं की रडावं कळेना. सासू कुलसुम, घरात सगळे तिला अम्मा म्हणायचे. ती उभी राहिली की घर उभं राहायचं, ती बसली की बसायचं. खतिजाचं मात्र तसं नव्हतं. तिचा पाय एका जागी ठरायचाच नाही. पाणी आण, अंगण झाड, म्हशीला घाल, चुलीत लाकूड सार, आणि मध्येच येऊन माझ्यावर टिचकी मारून जा. म्हणून तर आमच्या दोघींचं जमलं.

स्वयंपाकघरातली बाकीची मंडळी मला फारशी आवडली नाहीत, ते आताच सांगून टाकते. लोखंडी तवा प्रामाणिक, पण कायम तोंड काळं करून बसलेला. झारा म्हणजे नुसती वटवट. कढईत बुडाला की लगेच काठावर आपटून ओरडणार. उलथनं बिनकामाचं लुडबुडं. आणि कोपऱ्यात होता अम्माचा पितळी हंडा. पोटाने एवढा मोठा, की त्याच्यापुढे मी वाटीच. वर्षातून एकदा, मोहरमच्या दिवशी तो बाहेर निघायचा, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर वर्षभर माझ्याकडे तुच्छतेने बघायचा. त्याला नुसतं कोपऱ्यात बसून कसं राहवतं, हेच मला कळायचं नाही.

मोहरम गडमुडशिंगीत सगळ्या गावाचा असायचा. दहाव्या दिवशी पिराचे पंजे रंगीत कापडं बांधून, हलगी वाजवत गावातून निघायचे, आणि आमच्या दारात थांबायचे. तिथे अम्मा गूळ, चिंच, सुंठ आणि बडीशेपेचं सरबत हंडाभर करून ठेवायची. पंजांसमोर फातेहा पढून झाला की सगळा गाव ते प्यायचा. पहिला पेला जोतीराम पाटलाचा, कारण गूळ त्याच्या गुऱ्हाळाचा. दोन्ही घरांत ही पद्धत आजे-पणज्यांपासूनची होती, आणि आमच्या घराचा गावातला सगळा मान त्या एका सरबतात होता.

त्या वर्षी मोहरम थंडीत आला होता. गुऱ्हाळं चालू होती. दहाव्या दिवसाच्या आधी चोंगे करायचं काम चाललं होतं. कणीक गुळाच्या पाण्यात मळायची, जाडसर लाटायची, वर नक्षी टोचायची आणि तळायची, ते चोंगे. मला विचाराल तर गोडात चोंग्याला तोड नाही. बत्तासा म्हणजे तोंडात गेला आणि विसरला. जिलेबी ताजी आहे तोवर मिजासखोर, शिळी झाली की चप्पल. पेढा चांगला, पण फार शहाण्यासारखा वागतो. चोंग्याला कसं, चावायला लागतं, मग तो हळूहळू बोलतो.

तर त्या दिवशी जोतीराम पाटलाची बायको तानाबाई गुळाची ढेप घेऊन आली आणि ओट्यावर टेकली. तिला बोलायला लागायचं. तिने खतिजाला विचारलं, "काय गं, तुझा बा साहेबाच्या घरात स्वैपाक करत हुता म्हनं. ते गोरं लोक ग्वाड काय खातात?"

खतिजा चोंगे टोचता टोचता म्हणाली, "पेरू खायचा की."

"पेरू? मग आमच्यावानीच की गं."

"न्हाय. तांबड्या दारूत शिजवून."

"अगं बया! दारूत? आन् ते कशात शिजवायचं?"

"ह्याच्यात की," म्हणून खतिजाने माझ्या पाठीवर थाप मारली.

मित्रांनो, झारासुद्धा गप्प झाला. अम्माच्या हातातलं लाटणं थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग खतिजाकडे बघितलं.

"ह्या डेगचीत?"

"व्हय."

"ह्या डेगचीत दारू शिजायची, आन् ईदेचा शीरखुर्मा म्या ह्याच डेगचीत केला?"

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण खतिजाला गप्प बसणं कुठे माहीत! ती म्हणाली, "तवा तुमीच म्हनालासा की अम्मा, ह्या डेगचीतला खुर्मा लई ग्वाड लागतोय म्हनून."

तानाबाईने पदर तोंडात कोंबला, तरी तिचं हसू फुटलंच. त्या हसण्याने घात केला. सून काही बोलली असती तर अम्माने गिळलं असतं, पण पाटलीण घरात बसून हसली, हे तिला गिळवेना. ती उठली, तिने मला कडीला धरून उचललं आणि गोठ्यात नेऊन आदळलं.

"मोहरम झाला की ही मोडीत घालायची," ती म्हणाली. "तांबट वितळून टाकंल. माझ्या घरात ही नगं."

खतिजा धावत मागे आली. "अम्मा, अब्बाची हाय ती. दुसरं काय न्हाय माझ्याकडं त्येंचं. धुवून घासून झालंय की सगळं."

"माझ्या घरात मी सांगीन ते." आणि तेव्हापासून अम्माने सुनेशी बोलणं सोडलं.

मोडीत! तुम्हाला कळतंय का, मित्रांनो? मोडीत घालणं म्हणजे मी संपले. माझ्या कड्या जाणार, पोट जाणार, आकारामचे ठोके जाणार, आणि त्याच तांब्याची उद्या कुणाची तरी पळी होणार. म्हशीच्या शेजारी पडून मला नुसतं तडफडायला होत होतं. ती म्हैस रवंथ करत निवांत बघायची. तिच्यासारखा स्वभाव मला का दिला नाही देवाने!

संध्याकाळी शमशुद्दीन फेरीवरून आला. त्याने आईला समजावून बघितलं. "अम्मा, भट्टीवर लाल केली, नवसागर मारला, नवं कथील चढवलं, की आत काय उरतंय?"

"मन उरतंय," अम्मा म्हणाली, आणि बोलणं तिथेच संपलं.

पण शमशुद्दीनला बायकोचं तोंड बघवेना. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेल्यावर तो गोठ्यात आला, भाता मांडला, आणि त्याने मला भट्टीवर धरलं. किती दिवसांनी आच लागली! मी लाल झाले, नवसागराचा धूर निघाला, आणि त्याने कापसाचा बोळा गरागरा फिरवून माझ्या पोटातून चांदण्यासारखं कथील पसरवलं. तेवढ्यात त्याच्या हातातला कथलाचा शेवटचा तुकडा संपला. तो पुटपुटला, "पुरलं बघ हिला. आता हंड्याला कोल्हापुरास्नं आणावं लागंल. मोहरमच्या आत करतो." आणि मला परत म्हशीजवळ ठेवून पोतं खांद्याला मारून गेला.

मी ऐकलं. ऐकणारी मी एकटीच. आणि तिथून माझा जीव थाऱ्यावर नाही. कारण सणाच्या आधी सगळ्यांनाच कलई हवी असते. कोल्हापूरला जाणाऱ्या कलईगाराला वाटेत प्रत्येक गावचे लोक अडवणार, आणि आमचा भिडस्त शमशुद्दीन प्रत्येकाकडे बसणार, हे न समजायला मी काही झारा नव्हते. तसंच झालं. दहाव्याचा आदला दिवस आला, तरी त्याचा पत्ता नाही.

इकडे अम्माच्या डोक्यात काही शंकाच नव्हती. तिचा नवरा हयात होता तेव्हा तो दरवर्षी न सांगता हंड्याला कलई करून कोपऱ्यात ठेवायचा. ती तशीच सवय. मुलानेही केली असणार, असं तिने धरून चाललं. तिने हंडा चिंच-राखेने बाहेरून आतून घासला. घासल्यावर पितळ चकाकलं, आणि तिच्या म्हाताऱ्या डोळ्यांना कोपऱ्यातल्या उजेडात ती चकाकी कलईचीच वाटली. सुनेशी बोलणं बंद, त्यामुळे खतिजाला त्या कोपऱ्याकडे फिरकू दिलं नाही. गूळ फोडल्याचा आवाज मी ऐकला. चिंच कोळल्याचा आवाज ऐकला. हंड्यात पाणी पडल्याचा आवाज ऐकला. अगं नको, नको, असं मी किती ओरडले असेन! पण भांड्याचं ओरडणं कुणी ऐकतं का? सरबत रात्रभर त्या नागव्या पितळेत मुरलं.

दहाव्या दिवशी ऊन छान पडलं होतं. अंगणातल्या शेवग्याखाली चुंबळीवर हंडा आणून ठेवला होता, वर पांढरं फडकं. अम्मा धुतलेलं लुगडं नेसून शेजारी उभी. गोठ्याच्या दारातून मला सगळं अंगण दिसत होतं. गावातल्या बायका जमल्या होत्या, तानाबाई पुढेच होती. लांबून हलगी ऐकू यायला लागली. तेवढ्यात खतिजा चोंग्यांची परात घेऊन घरातून आली आणि हंड्याजवळून जाता जाता थबकली. मी तिचं नाक बघितलं. बापाचं नाक! तिने एका हाताने फडकं उचललं, वाकली आणि डोळे मिटले.

ती अम्माच्या कानाशी गेली. "अम्मा, ह्याला वास यायलाय. कळकल्याचा."

इतक्या दिवसांचा अबोला तिथे मोडला. "तुझी डेगची गोठ्यात घातली म्हनून माझ्या हंड्याला नाव ठेवतीस व्हय?" अम्मा दबक्या आवाजात, पण जळजळीत बोलली. "साहेबाच्या घरची नाकं वरच!"

"अम्मा, तुमच्या पाया पडतो. एकदा वाईच चाखून तरी बघा."

"फातेहा व्हायच्या आधी चाखू? तेवढीच अक्कल शिकवली का बापानं?"

आता बघा मित्रांनो, पोरीची कशी कोंडी झाली. फातेहाआधी चाखायचं नाही, ही पद्धत. आणि फातेहा झाला की पहिला पेला जोतीराम पाटलाच्या हातात, मग सगळ्या गावाच्या, पोराबाळांच्या. गप्प बसावं, तर घरोघरी माणसं ओकून पडणार. ओरडून सांगावं, तर कलईगाराच्या घरात सरबत कळकलं ही गोष्ट पंचक्रोशीत होणार. मग शमशुद्दीनच्या हातात भांडं कोण देईल? आणि अम्मा गावात मान वर करून कशी चालेल? जी सासू बापाची शेवटची खूण मोडीत घालायला निघाली होती, तिची मान! मी असते तर म्हटलं असतं, घे भोग. पण खतिजा माझ्यासारखी नव्हती. हलगी वळणावर आली होती. खतिजाने एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा अम्माकडे बघितलं. मग तिने परात डोक्यावर उचलली, दोन पावलं मागे गेली, आणि घाईघाईने येताना चुंबळीत पाय घातला.

हंडा कलला. एवढा मोठा तो गर्विष्ठ, पण पडताना आवाज काय केला त्याने! सगळं सरबत अंगणभर. खतिजा गुडघ्यावर आपटली, पण परात तिने खाली येऊ दिली नाही. एक चोंगा सांडला नाही.

"अगं आंधळी हाईस काय?" तानाबाई किंचाळली. "वरसाचं सरबत गं! सत्यानास केलास की!"

"हिचा पाय कदी जाग्यावर असतोय का! नुसती धडपडी," दुसरी कुणी म्हणाली.

"पाय अडखळला," खतिजा म्हणाली. गुडघ्यातून रक्त येत होतं. ती आणखी काहीच बोलली नाही, आणि खतिजा बोलली नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

अम्मा हात उगारून पुढे धावली. पण आडव्या पडलेल्या हंड्याचं तोंड होतं पूर्वेला, आणि सकाळचं ऊन सरळ आत शिरलं होतं. आत पिवळंधमक पितळ, आणि सरबत जिथवर होतं तिथे हिरवी कड. कथलाचा मागमूस नाही. अम्माने ते बघितलं. तिचा हात तसाच वर राहिला. मग ती झटकन वळली आणि हंड्याच्या तोंडापुढे लुगडं पसरून उभी राहिली, म्हणजे दुसऱ्या कुणाला आत दिसू नये. तिने खतिजाच्या गुडघ्याकडे बघितलं, डोक्यावरच्या परातीकडे बघितलं. त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. राग नव्हता एवढं खरं.

"खतिजा," ती म्हणाली, "तुझी डेगची आण."

"कुठली?" तानाबाईने विचारलं. "ती साहेबाची? दारूची?"

"व्हय, तीच. माझ्या लेकानं तिला नवी कलई केलीया," अम्मा म्हणाली. म्हणजे गोठ्यातला नवसागराचा धूर म्हातारीच्या नाकातून सुटला नव्हता तर! "माझ्या लेकाच्या हाताला कुणी नाव ठेवतंय का हितं? ठेवत असशील तर सांग."

खतिजा लंगडत धावत गोठ्यात आली, तिने मला उचललं आणि पोटाशी असं काही घट्ट धरलं की माझ्या कड्या वाजल्या.

मग काय धांदल उडाली म्हणून सांगू! जोतीराम पाटील दारात आला, त्याने सांडलेलं बघितलं आणि म्हणाला, "कुलसुमबी, काय काळजी करू नगा. आमी थांबतो की. वाजवा रं, वाजवा!" पाटलाने बरोबरच्या बैलगाडीतली गुळाची ढेप उतरवली. चिंच कढत पाण्यात कोळली. पण मी केवढी! एका खेपेला चार घरांनासुद्धा पुरेना. म्हणून चुलीवरून अंगणात, अंगणातून चुलीवर, भरली की रिकामी, रिकामी की भरली. पंजे दारात थांबलेले, हलगी वाजतेय, खतिजा पळतेय, अम्मा ढवळतेय. मला असं आयुष्य रोज हवं होतं, मित्रांनो! पहिली खेप तयार झाली तेव्हा अम्माने मला दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्यांसमोर खतिजाच्या नाकापुढे नेलं.

"तू वास घे," ती म्हणाली. "मग फातेहा."

खतिजाने डोळे मिटले. "बराबर हाय, अम्मा."

जोतीराम पाटलाने पहिला पेला घेतला आणि मिशा पुसल्या. मग अम्माने घोट घेतला. ती म्हणाली, "गूळ कमी हाय." बस्स. मोडीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

दुपारी उशिरा शमशुद्दीन कथील घेऊन धापा टाकत आला. आईने त्याला काही विचारलं नाही, जेवायला वाढलं, आणि जेवण झाल्यावर हंड्याकडे बोट दाखवलं. तो खाली मान घालून भाता मांडायला गेला. अम्मा खतिजाच्या गुडघ्याला हळद लावत बसली होती. हळद दाबता दाबता म्हणाली, "नाक लई लांब हाय तुझं."

"व्हय, अम्मा."

"ऱ्हाऊ दे तसंच."

पण गावाला ह्यातलं काय ठाऊक! गावाने तिला नाव ठेवलं ते ठेवलंच. धडपडी खतिजा. पाणवठ्यावर धडपडी, गुऱ्हाळावर धडपडी, लग्नात पंगतीला वाढायला उभी राहिली की म्हणायचे, हिच्या हातात आमटी देऊ नगा. ती हसायची आणि पुढे जायची. मला मात्र आतून नुसत्या उकळ्या फुटायच्या. सांगा की गं ह्यांना कुणीतरी! पण ती सांगायची नाही, आणि मला तोंड असून बोलता यायचं नाही.

पुढच्या मोहरमला हंडा पुन्हा शेवग्याखाली आला. आत पांढरीशुभ्र कलई, अम्माने उन्हात नेऊन स्वतः बघितलेली. सगळं गाव जमलं. खतिजा परात घेऊन बाहेर आली, तशी तानाबाई मोठ्याने म्हणाली, "सरका गं, सरका! धडपडी आली. हंडा धरा कुणीतरी!" सगळ्या बायका हसल्या. खतिजाही हसली.

अम्मा हसली नाही. ती म्हणाली, "तानाबाई, तिला धडपडी म्हनू नगंस."

"अवं कुलसुमबी, सगळ्या गावानं बगितलंय की!"

"गावानं पाय बगितला. चुंबळ कुनी बगितली?" अम्माने हलगीवरही ऐकू जाईल असा आवाज लावला. "चुंबळ म्या वाकडी ठेवली हुती. हंडा माझ्यामुळं पडला. माझ्या सुनेचा पाय कदी चुकत न्हाय."

त्या दिवशी चुंबळ सरळ होती, मित्रांनो. मी गोठ्यातून बघत होते. पण अम्माने सगळ्या गावासमोर ती वाकडी करून घेतली. खतिजाने परात खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले, आणि म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. अंगणात चूल पेटलेलीही नव्हती.

आता ती माणसं राहिली नाहीत. महाराजांचं राज्यही जाऊन किती वर्षं झाली. खतिजाची सून शमशाद लग्नात जर्मनची भांडी घेऊन आली. हलकी आहेत, स्वस्त आहेत, कलईची कटकट नाही, आणि खरं सांगू का, दूध त्यांच्यात चांगलं तापतं. मी कितीही चिडखोर असले तरी खोटं बोलणार नाही. खतिजा होती तोवर हंड्याच्या आधी मोहरमच्या सरबताची पहिली खेप माझ्यातच व्हायची. ती गेली आणि मी फळीवर चढले. माझी कलई आता उडाली आहे, आणि गावात कलईगाराची हाळी येत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासाठी एवढं करा. कुठे कलईवाला भेटला तर मला घेऊन जा. घेऊन गेलात तर चोंग्यांबरोबर प्यायला सरबत करून देईन, गूळ जास्त घालून. नाही जमलं तर निदान पालथी तरी घालू नका, मला बाहेरचं बघत बसू दे. आणि तुमच्या घरात कधी कुणाच्या हातून भरलेला हंडा सांडला, तर त्याच्यावर हात उगारण्याआधी एकदा वाका, आणि हंड्याच्या आत काय आहे ते बघा.